जाहिरात आणि मजकूर यांच्यामधली रेघ

गेल्या दोन-तीन वर्षांत शिक्षकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. प्रकाशसंश्लेषणावरची चित्रफीत वर्गात लावावी, मुले शांत होऊन पडद्याकडे पाहू लागावीत आणि नेमक्या त्याच वेळी साबणाची किंवा मोटारसायकलची जाहिरात सुरू व्हावी. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून जाहिराती अडवणारी एक छोटी आज्ञावली, म्हणजे ‘ॲड-ब्लॉकर’, संगणकावर बसवली जाते. काही दिवस बरे जातात. नंतर एके दिवशी चित्रफितीऐवजी सूचनाच येते, की ॲड-ब्लॉकर आमच्या नियमांत बसत नाही; एकतर तो काढा, नाहीतर पैसे भरून जाहिरातमुक्त सेवा घ्या.

यावर उपाय काय, असे विचारले जाते. वरवर पाहता हा संगणकाचा प्रश्न आहे. परंतु जाहिराती दाखवणारे आणि त्या टाळू पाहणारे यांच्यातली ही ओढाताण आजची नाही. रेडिओ, दूरचित्रवाणी, व्हिडिओ टेप या प्रत्येक साधनाच्या वेळी ती झाली आहे आणि जवळजवळ दरवेळी तिचा शेवट सारखाच झाला आहे. तो शेवट किती महाग पडू शकतो याचे एक उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गावांत सापडते. तेथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागून सुरुवात केली पाहिजे.

वाचकाने द्यायचे की व्यापाऱ्याने?

भारतातले पहिले छापील वृत्तपत्र जेम्स ऑगस्टस हिकी याने २९ जानेवारी १७८० रोजी कलकत्त्यात काढले. त्याच्या लांबलचक नावात ‘कलकत्ता जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्दही होते. म्हणजे आपल्या देशात बातमी आणि जाहिरात एकाच दिवशी, एकाच कागदावर जन्माला आल्या. तरीही त्या काळी पत्राचा मुख्य आधार वर्गणीदारच असे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले आणि १८४० साली बंद पडले. वाचणारे थोडे, वर्गणी देणारे त्याहून थोडे, अशी मराठी पत्रांची स्थिती पुढेही बराच काळ राहिली.

हे गणित उलटे करून दाखवले न्यूयॉर्कच्या बेंजामिन डे या मुद्रकाने. इतर दैनिके ६ सेंटला मिळत असताना त्याने १८३३ साली ‘द सन’ हे पत्र १ सेंटला विकायला काढले. तूट भरून काढायची ती जाहिरातींतून. अंक स्वस्त म्हणून वाचक वाढतात, वाचक वाढले म्हणून जाहिराती वाढतात, असे हे चक्र होते. पुढे १८३६ साली पॅरिसमध्ये एमिल द जिरार्दँ याने ‘ला प्रेस’साठी हीच युक्ती वापरली. येथून पुढे वृत्तपत्र दोन गिऱ्हाइकांना दोन वेगळ्या वस्तू विकू लागले. वाचकाला बातम्या आणि व्यापाऱ्याला वाचकाचे लक्ष.

यवतमाळला हा विषय अगदीच परका नाही. वणीला जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ साली यवतमाळातून ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले आणि डिसेंबर १९७१ मध्ये ते नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागले. राष्ट्रीय चळवळीच्या काळातले साप्ताहिक आणि आजचे बहुपानी दैनिक यांच्या हिशेबात मोठे अंतर आहे. आज बहुतेक मोठ्या दैनिकांची अंकाची किंमत कागद आणि छपाईच्या खर्चालाही पुरत नाही. उरलेला खर्च जाहिरातदार सोसतो.

यात एक गोष्ट मात्र स्वच्छ होती. छापील पानावर जाहिरातीभोवती चौकट असे. ती रेघ ओलांडली की पलीकडचे शब्द पैसे देऊन छापलेले आहेत, हे चौथीतल्या मुलालाही कळे. वाचकाला जाहिरात टाळायची असेल तर नजर वळवणे पुरेसे होते. या रेघेकडे आम्हाला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो.

लहरींना कुंपण नसते

रेडिओ आला आणि नवीच अडचण उभी राहिली. वृत्तपत्र विकत घ्यावे लागते. रेडिओलहरी मात्र ज्याच्याकडे संच आहे त्याला फुकट मिळतात. मग कार्यक्रमाचा खर्च द्यायचा कोणी? याची दोन उत्तरे निघाली. ब्रिटनमध्ये १९२२ पासून संच बाळगणाऱ्याने वार्षिक परवाना शुल्क भरावे आणि त्यातून बी.बी.सी. चालावी, अशी व्यवस्था झाली. अमेरिकेत त्याच वर्षी, २८ ऑगस्ट १९२२ रोजी, न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.ई.ए.एफ. केंद्राने घरबांधणी करणाऱ्या एका कंपनीला ५० डॉलर घेऊन काही मिनिटे बोलू दिले. रेडिओवरच्या पैसे देऊन केलेल्या पहिल्या जाहिरातींपैकी ही एक मानली जाते.

भारताने आरंभी ब्रिटनचा मार्ग धरला. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. परवान्याचे वार्षिक शुल्क १० रुपये होते आणि त्याचा मोठा वाटा कंपनीला मिळे. परंतु संच थोडे, परवाने त्याहून थोडे. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारने हाती घेतले. १९३६ साली त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासून बोलू लागले. आकाशवाणीवर तेव्हा जाहिरात नव्हती.

पुढची गोष्ट जुन्या रेडिओश्रोत्यांना तोंडपाठ असेल. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर शास्त्रीय संगीताचे आग्रही होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते निमूटपणे शास्त्रीय संगीताकडे वळले नाहीत. त्यांनी संचाची सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. तेथे त्याच वर्षी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. बिनाका हे एका दंतमंजनाचे नाव होते. गाण्यांच्या मध्ये थांबून जाहिरात ऐकवण्याची गरजच उरली नाही, कारण कार्यक्रमाचे नाव उच्चारले की जाहिरात होत असे. एका पिढीच्या आठवणीत ते नाव आजही गाण्यांसह टिकून आहे, यातच त्या युक्तीचे यश दिसते.

शेवटी आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती घेण्यास आरंभ केला. हा प्रयोग प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर झाला. म्हणजे सरकारी प्रसारणातली जाहिरात देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने ऐकली आणि त्यात विदर्भही होता. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या ‘हम लोग’ या मालिकेपासून प्रायोजित कार्यक्रमांचे युग आले. त्याच दशकात रेडिओ आणि दूरचित्रवाणी संचांचा परवाना रद्द झाला. आपण प्रसारणासाठी थेट पैसे देणे थांबवले आणि वेळ देऊ लागलो.

बत्ती, ध्वनी आणि काळी चौकट

आता टाळणाऱ्यांची बाजू पाहू. अमेरिकेतल्या झेनिथ या संच बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाला जाहिरातींचा मनस्वी तिटकारा होता. १९५५ साली त्यांचे अभियंते यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ हे साधन तयार केले. पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशविद्युत घट बसवलेले असत. हातातल्या बत्तीचा झोत ज्या कोपऱ्यावर पडेल त्यानुसार वाहिनी बदले किंवा आवाज बंद होई. जाहिरात लागली की बसल्या जागी तिचा आवाज घालवता येतो, हेच तर त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाई. अडचण एवढीच होती, की खिडकीतून उन्हाची तिरीप पडली तरी वाहिनी आपोआप बदले. पुढच्या वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी प्रकाशाऐवजी श्राव्यातीत ध्वनी वापरला. कळ दाबली की छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आदळे आणि तिच्या कंपनातून संचाला आज्ञा मिळे. त्याला विजेरीही लागत नसे. रिमोटच्या जन्मामागे आळस होता तसा जाहिरातींचा कंटाळाही होता.

१९७५ साली सोनीचा बेटामॅक्स आला. कार्यक्रम टेपवर मुद्रित करून नंतर पाहता येऊ लागला आणि जाहिराती भरभर पुढे सरकवता येऊ लागल्या. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी १९७६ साली खटला भरला. १७ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला, की घरी नंतर पाहण्यासाठी कार्यक्रम मुद्रित करणे हा कॉपीराइटचा भंग नव्हे. पुढे १९९० च्या दशकातल्या काही व्हिडिओ यंत्रांना जाहिरात स्वतःच ओळखता येऊ लागली. दोन जाहिरातींच्या मध्ये क्षणभर पडदा काळा होतो आणि आवाज खाली जातो. यंत्र या खुणा शोधे आणि दोन खुणांमधला भाग वगळे.

या युक्तीचे तत्त्व लक्षात ठेवण्यासारखे आहे. जाहिरात म्हणजे काय, हे यंत्राला कळत नव्हते. त्याला फक्त जाहिरात आणि कार्यक्रम यांच्यामधली रेघ दिसत होती.

प्रसारकांनीही हे ओळखले. २००१ साली ‘रिप्ले टीव्ही’ने जाहिराती आपोआप गाळणारे यंत्र बाजारात आणले, तेव्हा मोठ्या वाहिन्यांनी खटले भरले आणि त्या खर्चाच्या ओझ्याखालीच कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली. पण न्यायालयापेक्षा सोपा मार्ग दुसरा होता. कथेतला नायक जे शीतपेय पितो, ज्या गाडीत बसतो, ती वस्तूच विकायची. अशी जाहिरात पुढे सरकवायची तर कथाच पुढे सरकवावी लागते.

चित्रफितीतला पहारेकरी

संगणकाच्या जाळ्यावरची पहिली मोठी फलक-जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘हॉटवायर्ड’ या स्थळावर दिसली. २००२ साली डेन्मार्कच्या हेन्रिक आस्टेड सोरेन्सेन या विद्यार्थ्याने जाहिराती अडवणारी ‘ॲडब्लॉक’ ही आज्ञावली लिहिली. २००६ साली ‘ॲडब्लॉक प्लस’ आणि २०१४ साली ‘यूब्लॉक’ आले.

ॲड-ब्लॉकर काम कसे करतो? आपण एखादे पान उघडतो तेव्हा ब्राउझर एकाच ठिकाणाहून सगळे आणत नाही. मजकूर एका सर्व्हरकडून येतो, चित्रे दुसऱ्याकडून, जाहिराती तिसऱ्याकडून. शाळेचा शिपाई फाटकावर यादी घेऊन उभा असावा तसा ॲड-ब्लॉकर उभा राहतो. ब्राउझरची मागणी यादीतल्या एखाद्या जाहिरात-सर्व्हरकडे निघाली की तो ती अडवतो. या याद्या जगभरचे स्वयंसेवक सतत सुधारत असतात. येथेही यंत्राला जाहिरातीचा अर्थ कळत नाही. वेगळा पत्ता, हीच त्याच्यासाठी रेघ.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले, २००६ साली गूगलने १६५ कोटी डॉलरला ते विकत घेतले आणि २००७ पासून त्यावर जाहिराती दिसू लागल्या. २०१० साली पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळण्याचे बटण आले. तो एक प्रकारचा तह होता. प्रेक्षकाने पाच सेकंद द्यावेत, जाहिरातदाराने पूर्ण पाहणाऱ्याचेच पैसे मोजावेत. जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा लांब चित्रफितींच्या निर्मात्यांना मिळतो. मराठीत स्वयंपाक, विनोद, शेती, स्पर्धापरीक्षा अशा विषयांवर नियमित चित्रफिती करणारे लोक उभे राहिले, त्यामागे हा पैसा आहे, हे विसरून चालणार नाही. २०२४ साली यूट्यूबचे जाहिरात-उत्पन्न ३६ अब्ज डॉलरहून अधिक होते.

हा तह २०२३ साली मोडला. जूनमध्ये यूट्यूबने काही प्रेक्षकांवर प्रयोग सुरू केला, की ॲड-ब्लॉकर आढळल्यास तीन चित्रफितींनंतर चौथी चालू द्यायची नाही. नोव्हेंबरपर्यंत ही मोहीम जगभर पसरली. ॲड-ब्लॉकर आहे हे त्यांना कळते कसे? जाहिरात मागवली पण ती पोहोचली नाही, किंवा पोहोचली पण चालली नाही, हे पानातच लिहिलेली आज्ञावली तपासते. म्हणजे फाटकावर तुमचा शिपाई आणि आत त्यांचा पहारेकरी.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. पहिली ब्राउझरमध्ये. क्रोम हा ब्राउझरही गूगलचाच. जून २०२४ पासून २०२५ पर्यंत त्यातली पूरक आज्ञावल्यांची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. पूर्वी ॲड-ब्लॉकर प्रत्येक मागणी स्वतः तपासू शके. नव्या पद्धतीत त्याला ठरावीक संख्येचे नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करावे लागतात. सुरक्षितता आणि वेग यांसाठी हा बदल केला, असे गूगलचे म्हणणे. ॲड-ब्लॉकर दुबळे करण्यासाठी केला, असे टीकाकारांचे. दोन्ही परिणाम एकाच वेळी होऊ शकतात.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. चित्रफीत ही अखंड धारा नसते. ती काही सेकंदांच्या तुकड्यांनी येते. जून २०२४ मध्ये यूट्यूब जाहिरातीचे तुकडे आपल्याच सर्व्हरवर मूळ चित्रफितीच्या तुकड्यांत ओवून पाठवण्याचा प्रयोग करीत असल्याचे उघड झाले. आता पत्ता एकच. शिपायाच्या यादीत वेगळे असे काही उरत नाही. रेघ पुसण्याचे काम येथे यंत्राच्या पातळीवर झाले आहे.

कायदा या बाबतीत अजून स्थिरावलेला नाही. जर्मनीत ॲक्सेल श्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने ‘ॲडब्लॉक प्लस’च्या कंपनीवर खटला भरला. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी सांगितले, की ॲड-ब्लॉकर पुरवणे ही अनुचित स्पर्धा नव्हे. ३१ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने कॉपीराइटचा मुद्दा मात्र पुन्हा तपासण्यासाठी हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे परत पाठवला. ॲड-ब्लॉकरवाल्यांची बाजूही निर्मळ आहे असे नाही. हीच कंपनी २०११ पासून ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट मोकळी करून देते आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याचे शुल्क घेते.

पैसे भरले तरी सुटका होतेच असेही नाही. भारतात यूट्यूबची जाहिरातमुक्त सेवा मार्च २०१९ पासून आहे. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने मात्र वर्गणी भरणाऱ्या भारतीय प्रेक्षकांनाही १७ जून २०२५ पासून जाहिराती दाखवायला सुरुवात केली आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये मागितले.

भांबराजा आणि अंतरगाव

आता यवतमाळकडे वळू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या नागपूर आवृत्तीत एक पानभर वृत्तान्त आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या गावांत बीटी कपाशीमुळे समृद्धी आली असून तेथे एकाही शेतकऱ्याने आत्महत्या केलेली नाही, असे त्यात म्हटले होते. पत्रकारांचा हा दौरा बीटी तंत्रज्ञान विकणाऱ्या महिको-मोन्सँटो बायोटेक कंपनीने आखला होता. तो वृत्तान्त बातमी म्हणून छापला गेला. २८ ऑगस्ट २०११ रोजी तोच मजकूर त्याच वृत्तपत्रात पुन्हा आला. या वेळी तो ‘मार्केटिंग फीचर’ म्हणजे विक्रीसाठीचा मजकूर होता. शब्द तेच, गावे तीच; पहिल्यांदा बातमी, दुसऱ्यांदा जाहिरात.

मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषीविषयक स्थायी समिती भांबराजाला आली, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या गावात १४ आत्महत्या झाल्याचे सांगितले. पत्रकार पी. साईनाथ यांनी १० मे २०१२ रोजी ‘द हिंदू’मध्ये हे सारे प्रकरण मांडले. २००३ ते २००९ या काळातल्या ९ आत्महत्या पडताळून पाहता आल्या, असे त्यांनी लिहिले. कंपनीचे म्हणणे असे, की २००८ चा मजकूर वार्ताहराने गावकऱ्यांशी बोलून केलेली बातमी होती आणि २०११ चा मजकूर विक्रीसाठीचा होता.

आत्महत्यांची कारणे अनेक असतात. कर्ज, पाऊस, भाव, घरची परिस्थिती या सर्वांचा त्यात वाटा असतो. त्या बीटीमुळे झाल्या असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. वैज्ञानिकाने असा निष्कर्ष काढू नये. परंतु ‘एकही नाही’ हे विधान तपासता येण्याजोगे होते आणि गावकऱ्यांची साक्ष व ही पडताळणी त्याच्याविरुद्ध गेली. बातमीच्या रूपात ते छापले गेल्यामुळे वाचकाने त्यावर बातमीइतका विश्वास ठेवला असणार. त्याच मजकुराभोवती २००८ सालीच चौकट असती, तर वाचकाने निदान एकदा विचारले असते, की हे कोण सांगते आहे आणि त्याचा यात फायदा काय?

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा निकडीचा आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या बीटी कपाशीचे मोठे नुकसान केले. आता फवारणी कोणती करावी, कशात काय मिसळावे, याचा सल्ला शेतकरी भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींतूनही घेतो. समजा, बांधावर उभा राहून बोलणारा माणूस सहज म्हणाला, की मी स्वतः अमुक औषध वापरतो. त्यासाठी त्याला पैसे मिळाले आहेत काय? ही जाहिरात कोणत्याही वेगळ्या सर्व्हरवरून आलेली नाही. तिला पाच सेकंदांनंतरचे बटण नाही. जगातला कोणताही ॲड-ब्लॉकर ती अडवू शकत नाही, कारण ती त्या माणसाच्या वाक्यात आहे.

अशा जागा शोधण्याचे काम अखेर माणसांनाच करावे लागते. २०१९ साली सुरू झालेल्या ‘स्पॉन्सरब्लॉक’ या प्रकल्पात प्रेक्षकच चित्रफितीतला प्रायोजित भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो याच्या खुणा करतात आणि त्या सर्वांना उपलब्ध होतात. पुसलेली रेघ लोक हाताने पुन्हा आखतात, असे म्हणता येईल. कायद्यानेही थोडे पाऊल टाकले आहे. मुंबईच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस केली असेल तर ती जाहिरात आहे असे स्पष्ट लिहिले पाहिजे, असे ते सांगतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. नियम आहेत, ते पाळले जातात की नाही हे पाहणारे डोळे मात्र हवेत.

शिक्षकाने काय करावे?

प्रथम रोजच्या अडचणीविषयी. ॲड-ब्लॉकर वापरणे यूट्यूबच्या अटींविरुद्ध आहे आणि त्याच्या मागे धावण्यात शिक्षकाचा वेळ जातो. त्यापेक्षा सार्वजनिक पैशातून तयार झालेले साहित्य आधी पाहावे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ व्यासपीठावर महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांना जोडलेल्या चित्रफिती जाहिरातींविना मिळतात आणि आधी उतरवून ठेवता येतात. अशी परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ पासून दूरदर्शनसाठी शालेय कार्यक्रम करीत असे. २०१७ साली ती बंद झाली. करातून चाललेली संस्था अशी सहज बंद होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. जाहिरातींच्या कटकटीबद्दल बोलताना आपण या तिसऱ्या मार्गाबद्दल फारच कमी बोलतो.

दुसरे, जाहिरात हाच धड्याचा विषय करावा. आठवी ते बारावीच्या वर्गांत सहज करता येतील असे काही उपक्रम आम्ही सुचवतो.

१. एका दिवसाचे मराठी दैनिक घ्या. प्रत्येक पानावरच्या जाहिरातींची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढा आणि एकूण छापील क्षेत्राशी त्याचे शेकडा प्रमाण मांडा. ज्या मजकुराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे लिहिलेले आहे, तो वेगळ्या रंगाने दाखवा. असे शब्द नसूनही ज्याच्याविषयी शंका येते, त्यावर वर्गात चर्चा घडवून आणा.

२. दहा मिनिटांची एक चित्रफीत घड्याळ लावून पाहा. आधी आणि मध्ये आलेल्या जाहिरातींचे सेकंद मोजा. तीस सेकंदांची जाहिरात चाळीस मुलांनी पाहिली तर एकूण १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटांचे लक्ष विकले गेले. ते कोणी विकले, कोणी विकत घेतले आणि मुलांना त्याबदल्यात काय मिळाले?

३. चित्रफीत सेकंदाला १ मेगाबिट वेगाने येते असे धरा. आठ बिट म्हणजे एक बाइट. तीस सेकंदांच्या जाहिरातीला सुमारे ३.७५ मेगाबाइट लागतात. दिवसाला दीड जी.बी. मिळत असेल तर तो किती टक्के भाग झाला? उत्तर फार लहान येईल. मग जाहिरातीची खरी किंमत डेटात आहे की वेळेत, हे मुलांना ठरवू द्या.

४. शेतीविषयक किंवा आरोग्यविषयक एखादी चित्रफीत निवडा. तीत केलेल्या दाव्यांची यादी करा. प्रत्येक दाव्यासमोर तीन प्रश्न लिहा: हे तपासता येईल काय? कोणाला विचारून? हे खरे मानले गेले तर फायदा कोणाचा? शक्य असेल तेथे तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून त्यांचे मत घ्या.

चौथ्या उपक्रमाला वेळ लागतो, पण तो टाळू नये. पडद्यावर वेगळी दिसणारी जाहिरात मुलांचा अर्धा मिनिट घेते. वेगळी न दिसणारी जाहिरात त्यांच्या घरची फवारणी ठरवू शकते. पहिलीसाठी साधने आहेत आणि उद्या नवी येतील. दुसरीसाठी आजवर एकच उपाय सापडला आहे, तो म्हणजे विचारण्याची सवय, आणि ती शाळेतच लागू शकते.

हे उपक्रम ज्या शाळा करतील त्यांनी आपली मोजमापे आणि मुलांचे प्रश्न संपादकांकडे अवश्य पाठवावेत. निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या आकड्यांची तुलना करण्याचा आमचा विचार आहे.